लेक राज्य स्पर्धा खेळून आली, आता राष्ट्रीयच्या मागे लागावं का? (भुसावळहून)

तापीकाठ

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही भुसावळचे. लेक चौदाची. यंदा बॅडमिंटनच्या राज्य स्पर्धेत पंधरा वर्षांखालच्या गटात दोन फेऱ्या जिंकली आणि तिसऱ्या फेरीत पुण्याच्या एका मुलीकडून १४-२१, ११-२१ अशी हरली. परतीच्या गाडीत मनमाड येईपर्यंत गप्प. मनमाडला वडापाव हातात पडल्यावर म्हणाली, "पप्पा, मला पुण्याला अकादमीत ठेवा. नाहीतर हैदराबादला." तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. तिची आई म्हणते, आधी दहावी होऊ दे. आजी म्हणते, "पोरीला एवढ्या लांब कशाला? इथं काय कमी आहे?" इथं काय कमी आहे त्याची यादी मी आजीपुढे वाचत नाही.

खूळ मूळ माझंच. २०१७ च्या नोव्हेंबरात ८२वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नागपूरला झाली. मी तिला घेऊन गेलो होतो, सहा वर्षांची होती. मानकापूरच्या संकुलात साईना आणि सिंधूची फायनल. साईना २१-१७, २७-२५. दुसऱ्या गेमला वीस-वीस झाल्यावरचे बारा पॉइंट मी खुर्चीवर टेकलेलोच नव्हतो. पोरगी तोवर शेजारच्या खुर्चीत झोपली होती, ही गोष्ट ती आजही कबूल करत नाही. पुरुषांत प्रणॉयने श्रीकांतला तीन गेममध्ये हरवलं.

पण मला जास्त लक्षात राहिली ती पुरुष दुहेरीची फायनल. मनू अत्री आणि सुमीत रेड्डी एका बाजूला, सात्त्विक आणि चिराग शेट्टी दुसऱ्या. १५-२१, २२-२०, २५-२३. जिंकले अत्री-रेड्डी. सात्त्विक तेव्हा सतरा वर्षांचा, चिराग वीसचा. हरल्यावर दोघं जाळीपाशी कसे उभे होते ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे पाच वर्षांनी हीच पोरं थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) जिंकलेल्या संघात होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात जगात पहिल्या क्रमांकावर.

आता मुद्दा. नागपूरला एकेरीतल्या पहिल्या आठ खेळाडूंना थेट शेवटच्या सोळांच्या फेरीत प्रवेश दिला होता, म्हणून तरी ती मोठी नावं आली. कोविडनंतर ते दिसेनासे झाले. २०२३ मध्ये पुण्याला मिथुन मंजुनाथ आणि अनुपमा उपाध्याय जिंकले. त्याच वर्षाच्या शेवटी गुवाहाटीला चिराग सेन आणि अनमोल खरब. २०२४ ला बंगळुरूत रघू आणि देविका सिहाग. आमच्या गल्लीत विचारलं तर यातलं एक नाव कुणाला सांगता येणार नाही. सिंधूचं मात्र आजीलाही माहीत आहे.

तर प्रश्न दोन. राष्ट्रीय अजिंक्यपदाला आता पूर्वीचं मोल राहिलंय का? आणि खान्देशातून त्या दारापर्यंत जायचं तर घर सोडल्याशिवाय जमतं का? अनुभव असलेल्यांनी लिहा. "मुलांना त्यांच्या मनासारखं करू द्या" छाप सल्ले नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज येतात.

शहाद्याचा_भाऊ

भाऊ, मना बी तोच अनुभव शे. पोरगा सतरा वर्षांखाली खेळतो. आमच्याकडं हॉल आहे, कोर्ट आहे, रंगही नुकताच दिलाय. खेळायला समोर कोणी नाही. सविस्तर रात्री लिहितो, आता पपईच्या गाडीमागे आहे.

लोको_शेड

मी रेल्वेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. भुसावळला आमच्या वेळी इन्स्टिट्यूटचा एकच हॉल, खाली सिमेंट, वर पत्रा. पिसाचं फूल (शटल) साहेब लोकांना, आम्हाला नायलॉन. तरी राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल पेपरात आला की कापून फळ्याला लावायचो.

तुम्ही मोल विचारलंत म्हणून सांगतो. त्या काळी राष्ट्रीय विजेता म्हणजे देशातल्या प्रत्येकाला हरवून आलेला माणूस. प्रकाश पदुकोण १९७१ ते १९७९ सलग नऊ वेळा. त्यांच्यानंतर लगेच सय्यद मोदी, १९८० ते १९८७ सलग आठ वेळा. म्हणजे सतरा वर्षं पुरुष एकेरीत दोनच नावं! मोदी आमचे, रेल्वेचे, गोरखपूरकडचे. २८ जुलै १९८८ ला लखनौत त्यांचा खून झाला, ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्याकडे कोणी रॅकेट बाहेर काढली नाही.

आणि पदुकोणांचं एक ध्यानात ठेवा. ते बंगळुरूत ज्या हॉलमध्ये शिकले तो कॅनरा युनियनचा, लग्नाचा हॉल. लग्न असलं की सराव बंद. आपल्याकडे अजून तेच चाललंय, फक्त पदुकोण निघायचा राहिलाय. :)

नेटकॉर्ड

लोको_शेड काका, आदर राखून असहमत. सतरा वर्षांत दोन नावं, यात त्या दोघांची थोरवी आहेच. पण मागची रांग किती तोकडी होती तेही त्यातच दिसतं. आजच्या वीस आणि एकविसाव्या क्रमांकातला फरक सांगता येत नाही, म्हणून विजेता दर वर्षी बदलतो.

मोठे खेळाडू का येत नाहीत ते सोपं आहे. जागतिक क्रमवारीत एकेरीच्या पहिल्या पंधरांत असलात तर सुपर १००० आणि ७५० च्या, म्हणजे जागतिक दौऱ्यातल्या वरच्या दर्जाच्या, स्पर्धा खेळणं बंधनकारक. न खेळल्यास दंड. त्यात वर्षाअखेर शरीर मोडलेलं असतं. अशा वेळी कोण येऊन, आपल्यालाच ओळखणाऱ्या पोरांसमोर, हरण्याची जोखीम घेईल? परदेशात हरलं तर बातमी एका ओळीची, राष्ट्रीयला हरलं तर मथळा.

मी तर म्हणतो, न आलेलेच बरे. त्यांच्या रिकाम्या जागेतून दार उघडतं. अनमोल खरब घ्या. फरीदाबादची. डिसेंबर २०२३ ला गुवाहाटीत राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा सोळा वर्षांची. जागतिक क्रमवारीत ४७२ च्या आसपास. त्या जिंकण्यातून संघात आली. फेब्रुवारी २०२४ ला मलेशियात शाह आलमला आशियाई सांघिक स्पर्धा झाली, तिथं चीनविरुद्ध, जपानविरुद्ध आणि फायनलला थायलंडविरुद्ध, तिन्ही वेळा २-२ अशी बरोबरी असताना पाचवा सामना हिच्या गळ्यात. तिन्ही जिंकली. भारताच्या महिलांचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. गुवाहाटीला सिंधू-साईना खेळल्या असत्या तर ही उपांत्य फेरीत हरून घरी गेली असती, आणि आपण तिचं नावही टंकलं नसतं.

लोको_शेड

बरोबर बोललात. पण मग विजेतेपदाचं मोल वाढलं की दाराचं? मी विजेतेपदाबद्दल बोलत होतो. अपर्णा पोपट घ्या, मुंबईची. १९९७-९८ पासून २००६ पर्यंत सलग नऊ वेळा, पदुकोणांच्या बरोबरीने. शेवटी शेवटी समोर पंधरा वर्षांची साईना उभी राहायला लागली होती. साईनाला आपण कुठे आहोत हे मोजायला समोर अपर्णा होती. आता नवीन पोरीनं स्वतःला मोजायचं कुणाच्या समोर उभं राहून?

नेटकॉर्ड

हा मुद्दा मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पेठकर

पुण्याहून. आधी वादाचं बोलून घेतो: बॅडमिंटनचे पहिले नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांनी बांधले, खेळाला 'पूना'च म्हणायचे. त्यामुळे मुलगी माहेरीच येतेय असं समजा.

आता खरं. माझी भाची इथं एका अकादमीत चार वर्षं होती. तुमची मुलगी भुसावळात पहिली आहे. इथं ती पहिल्या दिवशी चाळिसातली एक होईल. सकाळी साडेपाचला फिटनेस, मग शाळेचं नाटक, दुपारी कोर्ट. आणि कोर्टवर मुख्य प्रशिक्षक पहिल्या सहा जणांवर डोळा ठेवतात, बाकीच्यांना सहायक. यात कुणाची चूक नाही, तासच तेवढे असतात. भाची पंधराव्या वर्षी परत आली, खेळ सोडून. फी परवडते हो, पण मुलीचा पडलेला चेहरा फोनवरून बघवत नाही.

पण हेही सांगतो. त्या चाळिसातली चाळिसावी मुलगीसुद्धा हिला तीन गेम पळवेल. तुम्ही जो फरक १४-२१, ११-२१ असा पाहिलात तो स्ट्रोकचा नसावा. रोज वेगळ्या हाताच्या मुलीशी खेळायला मिळतं, त्याचा तो फरक.

शहाद्याचा_भाऊ

आलो. पेठकरांनी नेमकं बोट ठेवलं. पोरगा मागच्या वर्षी अखिल भारतीय रँकिंग स्पर्धेला गेला, दक्षिणेत. शहादा ते सुरत बस, पुढं दीड दिवस रेल्वे, सोबत मी, घरच्या भाकरी आणि ठेचा. पात्रता फेरीच्या ड्रॉमध्ये एवढी नावं की कागद भिंतीला लावायला जागा पुरेना. पहिली फेरी २२ मिनिटांत हरला. येणंजाणं, राहणं, प्रवेशिका, सगळं धरून कापसाच्या एका वेचणीचे पैसे गेले. २२ मिनिटं!

समोरचा पोरगा डावखुरा होता. आमच्या पोरानं जन्मात डावखुऱ्याशी सामना खेळलेला नाही, कारण आमच्या हॉलवर डावखुरा माणूसच नाही. दुसऱ्या गेमला कुठं त्याला कळायला लागलं की क्रॉस स्मॅश उलट्या बाजूनं येतोय, तोवर १७-९.

आता हसू येतं. गाडीत नव्हतं आलं.

गटिंगवाला

जळगावला रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे जाळीच्या तारा ओढून बसवतो, त्यामुळे सगळ्या हॉलची कुंडली माझ्याकडे आहे. एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५. गरम हवा विरळ, फूल सुसाट जातं. फुलाच्या डब्यावर वेग लिहिलेला असतो, ७५, ७६, ७७, ७८. आकडा मोठा तसं फूल वेगवान. थंड मुलखात ७८ लागतं, आपल्याला उन्हाळ्यात ७५. पण दुकानात जे मिळतं ते ७७, आणि पालक तेच उचलतात. मग काय होतं? पोरगी वर्षभर हात आखडून मारायला शिकते, कारण जरा जोर लावला की फूल बाहेर. तीच पोरगी डिसेंबरात मोठ्या, उंच, थंड हॉलमध्ये खेळायला गेली की तिची प्रत्येक टॉस (मागच्या रेषेकडे उंच मारलेलं फूल) मिडकोर्टला पडते आणि समोरची धुऊन काढते. पालक म्हणतात दडपण आलं. दडपण कसलं, सवयच चुकीच्या फुलाची!

तपासायची रीत सोपी आहे, नियमातलीच आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीनं मारायचं. फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडायला हवं. बाहेर गेलं तर डबा परत करा.

दुसरं, आपल्या कोरड्या हवेत पिसं काडीसारखी तुटतात. आदल्या रात्री डब्याला दोन्ही बाजूंनी वाफ द्या आणि बंद करून ठेवा. चहाच्या किटलीची वाफ पुरते. फुलांचे भाव आता असे झालेत की डबा विकताना मलाच लाज वाटते. चीनमध्ये बदकं पाळणं कमी झालं म्हणून पिसं महागली म्हणतात. आपल्याकडे केळीचा भाव पाडायला मात्र कुणाला कारण लागत नाही.

तापीकाठ

@गटिंगवाला, आत्ता कपाट उघडून पाहिलं. पाच डबे. पाचही ७७. कपाळाला हात लावला.

डबल्सवाली

सगळे एकेरीवर का अडून बसलात? मी विद्यापीठ स्तरापर्यंत दुहेरी खेळले, चोपड्याची आहे.

आपल्या हॉलांवर सकाळी कोण असतं? काका मंडळी. सहा ते आठ कोर्ट त्यांच्या ताब्यात, चौघं आत आणि सहा जण बाहेर पोटावर टॉवेल टाकून. आम्ही पोरी त्यांच्यातच चौथा भिडू म्हणून घुसायचो. त्या काकांच्या कपटी सर्व्हिस, कोपऱ्यातले ड्रॉप, "तुझं तुझं" म्हणत मधोमध सोडलेली फुलं, यातून मला जाळीजवळचा हात मिळाला तो कुठल्या अकादमीत मिळाला नसता. एकेरीला पळणारं कुणीतरी तोडीचं लागतं, दुहेरीला आपल्याकडचा हॉल अगदीच ओसाड नाही.

आणि महाराष्ट्राचा राष्ट्रीय इतिहासही पाहा. नंदू नाटेकर, अमी घिया यांची एकेरीतली नावं मोठी आहेतच. (नाटेकर मूळचे सांगलीचे बरं का, पेठकर!) पण अमी घियांनी १९७८ च्या राष्ट्रकुलमध्ये पदक आणलं ते कंवल ठाकर सिंगसोबत दुहेरीत. प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचं १९८२ च्या एशियाडचं कांस्य दुहेरीतलं. तापीकाठ ज्या नागपूरच्या स्पर्धेचं सांगतात, तिथं महिला दुहेरीच्या फायनलला संयोगिता घोरपडे आणि प्राजक्ता सावंत होत्या, अश्विनी पोनप्पा आणि सिक्की रेड्डीकडून हरल्या. आणि चिराग शेट्टी तर मुंबईचाच. तुमच्या मुलीचा जाळीजवळ हात कसा आहे, ते आधी सांगा.

तापीकाठ

हात बरा आहे. पण तिला दुहेरी म्हणजे शिक्षा वाटते. म्हणते, "पार्टनर चुकली तरी तोंड माझंच पडतं."

डबल्सवाली

मग ती अजून चांगल्या पार्टनरशी खेळलेली नाही.

वरणगावकर

दुसरी बाजूही लिहा कुणीतरी. माझ्या मुलाला तेरा वर्षांखालच्या गटात एक 'मुलगा' हरवून गेला. त्याला मिसरूड होतं. पंचांकडे गेलो तर म्हणाले, कागद बरोबर आहेत. कागद बरोबरच असतात. स्पर्धा कुठली, कुठं, ते लिहीत नाही. पण दोन वर्षं मागे ठेवलेल्या पोरांमुळे खऱ्या वयाची किती पोरं बाराव्या वर्षीच रॅकेट ठेवून देतात, ते कुठल्या क्रमवारीत दिसत नाही.

नेटकॉर्ड

+१. म्हणूनच लहान गटाच्या निकालावरून घर सोडायचा निर्णय घेऊ नये. तेरा-पंधराच्या वयात जिंकणारी पोरं बरीचशी शरीरानं पुढे गेलेली असतात. एकोणीसला पोचेपर्यंत चित्र पालटतं.

आणि तापीकाठ, विदर्भाकडेही बघा. मालविका बनसोड नागपूरची. जानेवारी २०२२ ला दिल्लीत इंडिया ओपनला साईनाला २१-१७, २१-९ हरवलं तिनं. डावखुरी. आईवडील दोघं दंतवैद्य. मुलीसाठी आईनं क्रीडाविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली. तुमच्या-आमच्यासारख्यांना ते जमेल असं नाही, पण पुणे-हैदराबादच्या पलीकडेही वाट असते एवढं त्यातून दिसतं.

शहाद्याचा_भाऊ

डावखुरी म्हणालात आणि माझ्या पोटात गोळा आला.

लोको_शेड

तापीकाठ, एक सुचवू? आमच्या वेळी शटल मिळायची मारामार, तरी आम्ही एक करायचो. रविवारी पॅसेंजरनं एक गाव दुसऱ्या गावावर चाल करून जायचं. भुसावळ-जळगाव, कधी चाळीसगाव, कधी धुळे. हरणाऱ्यानं भरीत-भाकरी द्यायची. तेव्हा सर्व्हिस असेल तरच पॉइंट, त्यामुळे एकेक गेम संपता संपत नसे आणि परतीची गाडी चुकायची. आता २००६ पासून एकवीसचा गेम आहे, गाडी मिळेल. या धाग्यावरच मोजा: भुसावळची मुलगी, शहाद्याचा मुलगा, वरणगावचा मुलगा, चोपड्याच्या ताई. डावखुरा एक मी देतो. माझा नातू, जळगावला अभियांत्रिकीला आहे, आळशी आहे पण हात डावा आहे.

शहाद्याचा_भाऊ

काका, नातवाले सांगा, येणंजाणं मना कडून.

पेठकर

हे झालं तर माझी भाची सुट्टीत येईल. खेळ सोडलाय म्हणते, पण रॅकेटची ग्रिप मागच्या महिन्यात बदलून घेतली, मी पाहिलंय.

तापीकाठ

घरी सगळा धागा वाचून दाखवला. आजीला फक्त भरिताचं पटलं.

ठरवलंय ते असं. या वर्षी कुठेही ठेवत नाही. दर रविवारी जळगावात जमायचं, हॉलचे दोन तास मी बोललोय, सकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर पत्रा तापतो. सुट्टीत पंधरा दिवस पुण्याला पाठवेन, पेठकर म्हणतात तसं चाळिसातली चाळिसावी व्हायला. नोव्हेंबरच्या राज्य स्पर्धेत फरक दिसला तर पुढच्या वर्षी पुन्हा बसून बोलू. लेक अर्धी रुसलीय. डावखुऱ्याशी खेळायला मिळणार म्हटल्यावर निम्मी उतरली. दुहेरीचं मी अजून काढलेलं नाही, ते डबल्सवालींनी समोरासमोर काढावं.

दोन गोष्टी राहिल्या. काकांच्या बॅचला साडेसहाच्या आत कोर्ट सोडायला कोण सांगणार? आणि फुलं कोण आणणार?

डबल्सवाली

काकांचं माझ्यावर सोडा. मी त्यांच्यासोबत एक गेम खेळते, मग ते आपोआप बाहेर बसतात.

गटिंगवाला

फुलं मी आणतो. तुमचे ते पाचही डबे घेऊन या, बदलून देतो. ७७ चे दिवाळीनंतर विकता येतील.